संकटकाळाची शिदोरी : लोभ की अप्रमाद?

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात विहारामध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. दिवसभर निंदण करून दमून आलेल्या माय-बहिणी, शाळकरी मुले आणि दोन-चार वृद्ध उपासक एवढाच श्रोतृवर्ग होता. त्या दिवशी दानपारमितेवर थोडे विवेचन झाले. धम्मपालन गाथा झाली, लोक उठू लागले. तेव्हा मागच्या बाजूस बसलेली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, “गुरुजी, माह्या हातून अकुशल कर्म झालं काय? भासऱ्यानं पैसे मांगतले, म्या देल्ले नाही.”

हकीकत अशी की, या बाईने दोन वर्षे कापूस वेचून, निंदण-खुरपण करून, पोस्टाच्या पुस्तकात सात हजार रुपये जमा केले होते. तिच्या भासऱ्याच्या मुलाचे लग्न ठरले. मंडप ठरला, जेवण ठरले. परंतु डीजे लावण्यास पैसा कमी पडत होता. भासरे घरी आले व म्हणाले, तुझ्याजवळ पैसे पडून आहेत, ते दे. तिने हात जोडून नाही म्हटले. तेव्हा ते चार माणसांत बोलले की, बौद्ध झाले, पंचशील म्हणतात, दानाच्या गोष्टी ऐकतात, पण पैशाचा लोभ काही सुटला नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे.

बाई म्हणाली, “पैसे तसेच आहेत, पण मन लागत नाही.”

मी त्या रात्री तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. ज्या प्रश्नाने एका कष्टकरी उपासिकेची झोप उडवली, तो प्रश्न आपल्या प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न नेमका कोणता?

घरखर्चातून थोडा थोडा पैसा बाजूला काढून तो केवळ संकटासाठी राखून ठेवणे, हे धम्माला धरून आहे की धम्माच्या विरुद्ध आहे? आपल्या लोकांत यावर तीन प्रकारचे आक्षेप ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा : तथागतांनी तृष्णा हे दुःखाचे मूळ सांगितले. पैसा साठविणे ही तृष्णाच होय. दुसरा असा : सर्व संस्कार अनित्य आहेत, उद्याचा भरवसा नाही, मग उद्यासाठी साठवून काय उपयोग? आणि तिसरा, जो त्या बाईच्या काळजाला लागला तो असा : शेजारी, नातेवाईक अडचणीत असताना आपल्या पेटीत पैसा ठेवणे हे दानाच्या शिकवणुकीशी विसंगत नाही काय?

हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ज्याने धम्म मनापासून स्वीकारला त्यालाच असे प्रश्न पडतात. तेव्हा एकेकाचा विचार करू.

भिक्खूचे नियम आणि गृहस्थाचे नियम

पुष्कळदा आपला घोटाळा होतो तो येथे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये, पैशाचा संग्रह करू नये, असा विनयाचा नियम आहे. परंतु भिक्खूला बायको-पोरे नाहीत, त्याला पेरणी करावयाची नाही, त्याच्या आजारपणात संघ आणि उपासक त्याची सेवा करतात. गृहस्थाचे तसे नाही. गृहस्थावर आई-बाप, पत्नी, मुले आणि खुद्द भिक्खूसंघ या सर्वांचा भार आहे. गृहस्थाने घेतलेल्या पंचशीलात न दिलेले घेऊ नये असे आहे. कष्टाने मिळविलेले राखू नये असे त्यात कोठेही नाही.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, तथागतांच्या आवडी-निवडी सांगणाऱ्या भागात दोन प्रकरणे जवळजवळ ठेवलेली आहेत. एकात भगवंतांना दारिद्र्य नावडते होते असे दाखविले आहे. दुसऱ्यात त्यांना संग्रहवृत्ती नावडती होती असे दाखविले आहे. ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. जो पहिलेच वाचील तो पैशाच्या मागे लागेल. जो दुसरेच वाचील तो दारिद्र्यालाच सद्गुण समजेल. दोहोंच्या मधून जो रस्ता जातो तो गृहस्थाचा मध्यम मार्ग होय.

दुसऱ्या प्रकरणात आनंदाला मिळालेल्या पाचशे चीवरांची गोष्ट आहे. इतक्या चीवरांचे करणार काय, अशी विचारणा झाली तेव्हा आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ही वाटली जातील, जुनी झालेली दुसऱ्या कामाला येतील, काहीच वाया जाणार नाही. ऐकणाऱ्याचे समाधान झाले. म्हणजे मोजण्याची गोष्ट वस्तूंची संख्या नव्हे. त्यांचा हेतू काय, उपयोग कोणाला आणि त्या कोणाच्या कामी येणार, हे पाहावयाचे. हीच कसोटी आपल्या पोस्टाच्या पुस्तकाला लावावी.

सिगाल, दीघजाणु आणि अनाथपिंडिक

राजगृहात सिगाल नावाचा तरुण ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. का करतोस, असे विचारता त्याने सांगितले की, बापाने मरताना तसे सांगितले म्हणून. भगवंतांनी त्याला दिशांच्या जागी माणसे दाखविली : आई-बाप, गुरू, पत्नी-मुले, मित्र, नोकर-चाकर, श्रमण. आणि त्याच उपदेशात संसाराचा हिशेबही सांगितला. गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत; एकाचा उपभोग घ्यावा, दोन कामधंद्यात घालावेत आणि चौथा भाग संकटकाळासाठी जपून ठेवावा. मधमाशी मध गोळा करते, वारूळ कणाकणाने वाढते, त्या रीतीने संपत्ती वाढवावी, असा दृष्टान्तही तेथे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी संकटनिधीचा इतका स्पष्ट उपदेश त्यांनी केलेला आहे.

दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला व म्हणाला, आम्ही प्रपंचात राहणारी माणसे, आम्हाला झेपेल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला ‘तू आधी संसार सोड’ असे म्हटले नाही. चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता म्हणजे मिळकत पाहून खर्च. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती खाली हे कळते, तसे गृहस्थाला आपले येणे व जाणे कळले पाहिजे. मिळकत थोडी आणि थाट मोठा, असा माणूस उंबराचे झाड गदागदा हलवून मोजकी फळे खाणारा व बाकीची मातीत घालविणारा होय. परंतु मिळकत मोठी असून जो पोटाला चिमटा घेतो, तो उपासमारीने मरणाऱ्यासारखा होय. पहा, दोन्ही टोकांना दोष दिला आहे!

कंजूष माणसाची तर स्वतंत्र गोष्टच आहे. श्रावस्तीत एक निपुत्रिक शेठ मेला. घरात अपार द्रव्य, परंतु आयुष्यभर कण्या खाल्ल्या, जाडेभरडे नेसला, कोणाला काही दिले नाही. शेवटी ते धन पसेनदी राजाच्या खजिन्यात गेले. अशा धनाला भगवंतांनी नावाजले नाही. त्यांनी नावाजला तो अनाथपिंडिक. अनाथांना अन्न देणारा. त्याला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : जवळ असण्याचे सुख, उपभोगाचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यांतील शेवटचे सुख सर्वांत श्रेष्ठ. परंतु तिसरे विसरू नका. कर्ज नसणे यालाही भगवंतांनी सुख म्हटले आहे. आणि दुसऱ्या एका उपदेशात दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून बंधन अशी दुःखाची पायरी-पायरी दाखविली आहे.

तेव्हा पहिल्या आक्षेपाचे उत्तर हे : हाव म्हणजे ‘आणखी, आणखी’. संकटनिधीला मर्यादा असते, त्याचा हेतू ठरलेला असतो. एवढे झाले की पुरे, असे जो म्हणू शकतो त्याचा संचय ही तृष्णा नव्हे. आणि दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे की, सर्व अनित्य आहे म्हणूनच तर जागे राहावयाचे. तब्येत अनित्य, पाऊस अनित्य, मजुरी अनित्य. हे जाणून जो तयारी करतो तो अप्रमादी. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचाच होता. ‘नशिबात असेल ते होईल’ हे वाक्य जुन्या धर्माबरोबर मागे राहिले पाहिजे होते. ते आपल्या तोंडी अजून का आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

ज्यांना उद्या नव्हता

आता थोडे आपल्या पूर्वेतिहासाकडे वळू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात असा दंडक आहे की, शूद्राने समर्थ असूनही धनाचा संचय करू नये. शूद्राची जेथे ही स्थिती, तेथे गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा? आपल्या आज्या-पणज्यांनी दारोदार फिरून शिळी भाकर गोळा केली. रोजची भाकर रोज मागावयाची. ज्याने आजची भाकर दिली त्याच्यापुढे उद्याही हात पसरावयाचा, म्हणून आज त्याच्यासमोर मान वर करावयाची नाही. ही केवळ गरिबी नव्हती. माणसाचा ‘उद्या’ हिरावून घेण्याची ती व्यवस्था होती. ज्याला उद्या नाही तो गुलाम.

म्हणूनच बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्यास सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या अग्नीत संचयबंदीचा तो दंडकही जळाला. तेव्हा एखादी शेतमजूर उपासिका पोस्टाच्या पुस्तकात शंभर रुपये भरते, तेव्हा ती लोभ करीत नाही. तिच्या पणजीला जो उद्या नाकारला होता तो ती हक्काने मिळवीत असते.

यवतमाळचे वर्ष आणि शेकडा पाच

आपल्या जिल्ह्याचे वर्ष कसे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीपासून संक्रांतीपुढे वेचणी असते, तेव्हा हातात पैसा खेळतो. उलंगवाडी झाली की काम कमी. मग उन्हाळा. मृग लागला की बियाणे, खत, मुलांची शाळा, आणि पाठोपाठ हगवण-तापाचे दिवस. म्हणजे ज्या महिन्यांत पैसा नाही त्याच महिन्यांत खर्च. पुसद-उमरखेड असो, वणी-मारेगाव असो, नाही तर केळापूर-राळेगाव असो, कोरडवाहू शेतीचे हे चक्र सारखेच.

आणि संकट सांगून येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, मजुरी एका रात्रीत बंद पडली. २०२३ च्या जुलैमध्ये अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यातील लोक पाण्यात अडकले आणि त्यांना सोडविण्यास बचाव पथके धाडावी लागली. यांपैकी एकाही संकटाने आधी निरोप पाठविला नव्हता.

अशा वेळी घरात काही नसेल तर माणूस सावकाराकडे जातो. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच. दहा हजार काढले तर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार व्याज. आणि मूळ दहा हजार जसेच्या तसे. धान्याची सवाई-दिढी तर आपल्या बापजाद्यांनी भोगलीच आहे.

आता दुसरा हिशेब करू. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. तो हिस्सा धम्माचा आहे, त्याला हात लावू नये. परंतु माप म्हणून विसावा हिस्सा किती सोपा आहे ते पहा. समजा, घरात दोघे कमावते. वेचणीच्या दिवसांत दोघांची मिळून मजुरी साडेसहाशे. तिचा विसावा भाग सुमारे तीस रुपये. आठवड्यात पाच दिवस काम मिळाले तर दीडशे. वेचणीचे सोळा आठवडे धरले तर दोन हजार चारशे. उरलेल्या छत्तीस आठवड्यांत आठवड्याला फक्त पन्नास टाकले तर अठराशे. वर्षाअखेर चार हजार दोनशे झाले.

एकीकडे सहा हजार व्याज, दुसरीकडे चार हजार दोनशे बचत. जे कुटुंब सावकाराला व्याज भरते ते बचतीपेक्षा जास्तच पैसा दरवर्षी घराबाहेर काढते. फक्त तो दुसऱ्याच्या घरात साठतो.

गरिबाला दोष देऊ नका

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. वरील हिशेब दाखवून कोणी म्हणेल की, पहा, यवतमाळच्या शेतकऱ्याने बचत केली नाही म्हणून त्याच्यावर फास घेण्याची पाळी आली. असे म्हणणे हे अज्ञान आहे आणि निर्दयपणाही आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले त्यांत यवतमाळ होते. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या जाहीर झाल्या. सावकारीला आळा घालण्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम आहे. इतके सर्व करावे लागले, याचाच अर्थ रोग एका घराच्या गल्ल्यापेक्षा मोठा आहे. कापसाचा भाव, कोरडवाहू जमीन, मजुरीचा दर, दवाखान्याची सोय या गोष्टी तीस रुपयांच्या बचतीने सुटत नाहीत.

धम्मालाही हे मान्य आहे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात असे दाखविले आहे की, राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा, आणि असे करीत सारा समाज ढासळला. म्हणजे राज्याचे कर्तव्य वेगळे आणि घराचे कर्तव्य वेगळे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावयाची नाही. आपला हक्क राज्याकडे मागितलाच पाहिजे. परंतु मागणी पूर्ण होईपर्यंत मूल तापाने फणफणत असेल, तर त्या रात्री गाडीभाडे घरातच असावे लागते. शिवाय ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आणि थोडा पैसा आहे, तोच कमी मजुरीला नाही म्हणू शकतो. रिकाम्या घरातला माणूस मिळेल त्या दराने कामावर जातो. बचत ही संघर्षाची शत्रू नसून शिदोरी आहे.

तसेच ज्या घरात आज दोन वेळचे पुरत नाही, त्या घराने मुलांच्या ताटातून काढून गल्ल्यात टाकू नये. चौथा भाग हा सिगालासारख्या सुखवस्तू घराचा हिशेब होता. गरिबाने भागाचा आकडा धरू नये, भाग असावा एवढे धरावे. आठवड्याला दहा रुपये निघत असतील तर दहाच काढावेत.

निधी कसा राखावा

नवदीक्षित कुटुंबांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

१. पहिले उद्दिष्ट लहान ठेवावे. एका माणसाला रात्री यवतमाळला नेण्याचे गाडीभाडे, तपासण्या, औषध आणि सोबत राहणाऱ्याचे जेवण एवढे निघेल इतकी रक्कम आधी जमवावी. सरकारी दवाखान्यात वा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले तरी बुडालेली मजुरी कोणी देत नाही. ते झाले की महिन्याभराचा घरखर्च, पुढे जमल्यास तीन महिन्यांचा. तेथे थांबावे. पुढचा पैसा मुलांच्या शिक्षणात घालावा.

२. पैसा वेचणीच्या दिवसांत काढावा, आणि मजुरी हातात आल्याबरोबर काढावा. खर्च होऊन उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

३. थोडी रक्कम घरात, बाकीची पोस्टात किंवा बँकेत ठेवावी. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. यवतमाळातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली रद्द केला, तेव्हा या विम्याचे मोल लोकांना कळले. पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या दारात तर उभेही राहू नये.

४. पुस्तक घरच्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावे, आणि हिशेब दोघांनाही ठाऊक असावा. लपविलेला पैसा घरात संशय आणतो. जेथे दारू आहे तेथे मात्र गल्ला टिकत नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि दीघजाणुला सांगितलेल्या तळ्याच्या दृष्टान्तात पाणी गळण्याच्या चार वाटांत दारू ही एक वाट आहे. वाट बुजविल्याशिवाय तळे भरत नाही.

५. महिला बचत गटात अवश्य असावे. १९९२ पासून नाबार्डने गट बँकांशी जोडले, त्यामुळे पुष्कळ बायका सावकाराच्या दारातून सुटल्या. परंतु गटाचे कर्ज हेही कर्जच आहे हे विसरू नये. वर्षाला वीस रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघात विमा मिळतो; तोही घ्यावा.

६. संकट कशाला म्हणावे ते आधीच ठरवून वहीत लिहावे : आजार, अपघात, मृत्यू, नापिकी, घर पडणे वा जळणे, काम सुटणे. लग्न हे संकट नव्हे. मोबाईल हे संकट नव्हे. आणि स्पष्टच लिहितो, चौदा एप्रिलची वर्गणीसुद्धा या निधीतून देऊ नये. ती आपल्या नित्याच्या मिळकतीतून, आनंदाने द्यावी. बाबासाहेबांच्या नावाने कोणाच्या लेकराचे औषध थांबू नये.

धम्मदीक्षेने आपली कंदुरी सुटली, तेरवी सुटली, नवस-सायास सुटले. तो पैसा कोठे गेला, असे मी पुष्कळ घरांत विचारतो. उत्तर येते, मंडपात आणि डीजेत गेला. मरीमायपुढचे बकरे सोडून आपण कर्ण्यापुढे घर बळी देऊ लागलो, तर धर्मांतराने काय साधले?

दान आणि निधी

आता तिसरा आक्षेप, आणि त्या बाईचा प्रश्न. भासऱ्याला नाही म्हणणे हे दानाच्या विरुद्ध झाले काय?

दान म्हणजे मागेल त्याला मागेल ते देणे नव्हे. दान देताना कोणाचे दुःख हलके होते ते पाहावे लागते. डीजेला पैसा दिल्याने कोणाचेही दुःख हलके झाले नसते; एका रात्रीचा आवाज झाला असता आणि सात हजारांचे कवच गेले असते. कल्याणमित्र तो, जो प्रमादापासून आवरतो. भासऱ्याला ‘नाही’ म्हणणे ही त्याक्षणी मित्रताच होती, जरी ती त्याला कडू लागली.

परंतु तिचे मन लागत नव्हते यातही काही खोटे नाही. निधी राखणाऱ्याचे मन हळूहळू दगड होण्याचा धोका खराच आहे. आज डीजेला नाही म्हटले, उद्या औषधालाही नाही म्हणण्याची सवय लागेल. म्हणून दोन गोष्टी लागतात. एक, दानाचा भाग निधीपासून वेगळा असावा. लहान का होईना, पण वेगळा. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या धनाच्या पाच उपयोगांतही संकटनिवारण आणि दान ही वेगवेगळी धरली आहेत. आणि दुसरी, वहीतील संकटाची व्याख्या शेजाऱ्यालाही तीच लावावी. जे माझ्या घरात संकट, ते त्याच्या घरातही संकट. जे माझ्या घरात संकट नव्हे, ते त्याच्या घरातही नव्हे. यालाच मी समतेचा हिशेब म्हणतो. वस्तीतील दहा-पंधरा घरांनी मिळून दरमहा थोडे थोडे टाकून एक आपत्तीची पेटी ठेवली, तर एकट्या बाईवर हा भार राहणारही नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी हे सारे त्या उपासिकेला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, “गुरुजी, दवाखान्यासाठी आले असते तं त्याच दिवशी पुस्तक मोडलं असतं.”

उत्तर तिच्याजवळ आधीपासून होते. मला सुत्तांत शोधावे लागले.

भाद्रपदात भासऱ्यांच्या घरची लहान मुलगी डेंग्यूने आजारी पडली. ते स्वतः आले नाहीत, जाऊबाई आली. आमच्या उपासिकेने दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच तीन हजार काढून दिले. मुलगी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. वेचणी सुरू झाल्यावर त्या पैशांपैकी दोन हप्ते, बिनव्याजी, परत आले आहेत. दोन्ही घरांचे जेवणखाण अजून सुरू झालेले नाही. भासरे तिच्याशी बोलत नाहीत. परंतु मागच्या आठवड्यात त्यांनी पोस्टात आपल्या नावे एक पुस्तक काढले, असे पोस्टातल्या माणसाकडून कळले.

जयभीम.